आधी विचारा, चोपडा कुणाचा?

संध्याकाळी साडेसहानंतर आमच्या जिन्यातल्या चपला बघितल्या की आज कुठला विषय आहे ते कळतं. नाजूक सँडलचे चार-पाच जोड असले तर बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा जमाखर्च नाहीतर अर्थशास्त्र. पुढे लोखंडी टोपी असलेल्या जड बुटांचा एकच जोड असला, तर समोरच्या वाड्यातला मुलगा कारखान्यातून थेट आलाय. तो नोकरी करून इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा करतोय. मराठी मुलं मला काकू म्हणतात, गुजराती मुलं मासी. फी घेत नाही. महिन्यातून एकदा कुणीतरी सेवउसळ आणायची, एवढाच करार.

मी शिक्षिका कधीच नव्हते. बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात एकतीस वर्षं हिशेबखात्यात होते. शेवटची बारा वर्षं पगारपत्रकं आणि मस्टरही, म्हणजे हजेरीपटही, माझ्याचकडे असायचं. अपघाताचे दर काढायला कामाचे तास लागतात आणि ते तास मस्टरातूनच निघतात, म्हणून सेफ्टी ऑफिसर दर महिन्याच्या दोन तारखेला माझ्या टेबलाशी उभे. दांडिया बाजारातल्या या खोलीत तिन्ही विषय एकत्र आले ते असे.

मुलं आकडेमोडीत अडकत नाहीत. कॅल्क्युलेटर त्यांना माझ्यापेक्षा बरा येतो. गणित वाचलं न वाचलं की पेन सुटतं, ही खरी अडचण. म्हणून माझ्याकडे एक शिस्त आहे: गणित दोनदा वाचायचं आणि कोऱ्या पानाच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहायच्या. चोपडा कुणाचा, काळ कोणता, आकडा कशात. ही ओळ नसेल तर खालचं मी वाचत नाही. (चोपडा हा आमचा बडोद्याचा शब्द. दिवाळीला गुजराती शेजारी चोपडापूजन करतात, आपण वहीपूजन. वस्तू एकच.)

सुरुवात पासबुकापासून करा. माझी भाची पहिल्यांदा आली तेव्हा तिनं विचारलं, "मावशी, कॉलेजात सांगतात, बँकेत पैसे भरले की बँक खातं डेबिट. मग पासबुकात क्रेडिट का छापलंय? बँक चुकते?"

बँक चुकत नाही. पासबुक हा बँकेच्या चोपड्याचा उतारा आहे. तुम्ही पाच हजार भरलेत म्हणजे बँक तुमचं पाच हजार देणं लागते. तिच्या वहीत तुम्ही धनको, म्हणून जमा, म्हणजे क्रेडिट. तुमच्या वहीत बँक ऋणको, म्हणून नावे, म्हणजे डेबिट. १९०८ साली सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली तेव्हाही हे असंच होतं, आज मोबाइलवर मेसेज येतो त्यातही असंच आहे. हे एकदा डोक्यात बसलं की बँक जुळवणीचं पत्रक पाठ करावं लागत नाही. हे बघा:

रोकडवहीप्रमाणे बँकेत शिल्लक १८,४५० रुपये. आपण दिलेले ६,२०० चे चेक अजून वटायला गेलेले नाहीत. आपण भरलेला ४,५०० चा चेक अजून जमा झालेला नाही. बँकेनं ११८ रुपये शुल्क कापलं, ते आपल्या वहीत नाही. पासबुकात किती असतील?

मुलं विचारतात, "मिळवायचं की वजा करायचं?" असं विचारूच नका. बँकेच्या जागी बसा. ६,२०० चे चेक तिनं पाहिलेलेच नाहीत, तेव्हा ते पैसे तिच्याकडे अजून आहेत: १८,४५० मध्ये मिळवा, २४,६५०. ४,५०० तिला मिळालेले नाहीत: २०,१५०. ११८ तिनं घेतलेत: २०,०३२. संपलं गणित. अधिक-उणेचा तक्ता पाठ करणारी मुलं, प्रश्न पासबुकाच्या शिलकेपासून सुरू झाला की हमखास गडगडतात. पाठ नसणारी गडगडत नाहीत.

बडोद्याच्या मराठी मुलांना आणखी एक त्रास आहे, तो पुण्याच्या मुलांना कळणार नाही. गुजराती माध्यमात डेबिटला 'उधार' म्हणतात. आपल्या घरात उधार म्हणजे वाण्याकडून पैसे न देता आणलेलं. त्यामुळे 'रोखीनं माल घेतला, खरेदी खातं उधार' हे वाक्य वाचून आमचं पोर थबकतं: रोखीनं घेतला तर उधार कसा? मी भिंतीवर एक कागद चिकटवलाय. त्यांची आमनोंध ती आपली रोजकीर्द, काचुं सरवैयुं म्हणजे तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, तिच्या नावे आणि जमा बाजूंची बेरीज सारखी यायला हवी), पाकुं सरवैयुं म्हणजे ताळेबंद, उधार म्हणजे नावे. जमा दोन्हीकडे जमाच. घसाराही (वापरानं वस्तूची घटणारी किंमत) घसाराच, फक्त त्यांचा घसारो. तुम्ही ज्या भाषेत परीक्षा देणार तिच्यातच नोंदी करा, पण विचार करताना ज्या शब्दाचा अर्थ पोटात आहे तो वापरा.

नोंदींचे तीन नियम सगळ्यांना येतात: घेणारा नावे, देणारा जमा, येईल ते नावे, जाईल ते जमा, खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. चुका होतात त्या मालक आणि दुकान एक समजल्यामुळे. 'मालकानं दुकानातला ५०० रुपयांचा माल घरी नेला.' मालकाचाच माल, त्यात काय लिहायचं, असं मुलांना वाटतं. चोपडा दुकानाचा आहे. दुकानाच्या दृष्टीनं मालक हा बाहेरचा माणूस. तेव्हा उचल खातं नावे ५००, खरेदी खातं जमा ५००. विक्री खातं नव्हे, कारण त्यानं नफा देऊन माल घेतलेला नाही.

तेरीज जुळली नाही तर सगळं पुन्हा मोजायला बसू नका. आधी फरक बघा. फरकाला नवानं भाग जात असेल तर आकडे उलटे लिहिल्याचा संशय घ्या: ५४० चे ४५० झाले तर फरक ९०. शून्य गळालं तरी नवानंच भाग जातो: १,२०० चे १२०, फरक १,०८०. नाहीतर फरकाची निम्मी रक्कम वहीत शोधा, ती चुकीच्या बाजूला बसलेली सापडेल. ही युक्ती मला माझ्या पहिल्या हेडक्लार्कनी, कॉम्प्युटर यायच्या आधी, एका मार्चअखेरीच्या रात्री शिकवली. पण तेरीज जुळली म्हणजे वही बरोबर, असं समजू नका. पंप दुरुस्तीचे पैसे यंत्र खात्याला टाकलेत तर तेरीज जुळेल आणि नफा खोटा निघेल.

घसाऱ्यात 'काळ कोणता' एवढंच बघायचं. ९०,००० चं यंत्र, मोडीत १०,००० येतील, आयुष्य ८ वर्षं. वर्षाला १०,००० घसारा. पण यंत्र १ ऑक्टोबरला घेतलंय आणि वही ३१ मार्चला बंद होते, म्हणून पहिल्या वर्षी ५,०००. तारीख प्रश्नात उगाच दिलेली नसते.

आता अर्थशास्त्र. याच्या पुस्तकात आकृत्या फार, त्यामुळे मुलं रेषा पाठ करतात. मी आकृती शेवटी काढायला लावते. आपल्या लीलो चेवडोची पाकिटं घ्या. समजा रोजची मागणी = २०० − ४ × भाव, आणि पुरवठा = ८ × भाव − ४०. दोन्ही सारखे मांडा: २४० = १२ × भाव. भाव २० रुपये, खप १२० पाकिटं. इथवर सगळ्यांना जमतं.

मग सरकारनं दर पाकिटामागे विक्रेत्यावर ३ रुपये कर लावला. (खरा जीएसटी टक्क्यांत असतो, पहिल्या वर्षाच्या गणितात ठोक रक्कम बरी.) भाव किती होईल? दहातली आठ मुलं २३ म्हणतात. दुकानदार कर गिऱ्हाइकाच्या माथी मारणार, हे त्यांनी घरी ऐकलेलं असतं. विक्रेत्याच्या हातात भावातून ३ वजा होऊन पडतात, तेव्हा पुरवठा = ८ × (भाव − ३) − ४०, म्हणजे ८ × भाव − ६४. सोडवा: २६४ = १२ × भाव, भाव २२. खप ११२. गिऱ्हाइकाला २ रुपये जास्त पडले, विक्रेत्याच्या हाती १९ आले, म्हणजे त्याचा १ रुपया गेला. सरकारला ३३६.

खरी गंमत यापुढे आहे, ती सोडू नका. तोच कर गिऱ्हाइकावर लावा. आता मागणी = २०० − ४ × (भाव + ३) = १८८ − ४ × भाव. पुरवठा जुनाच. २२८ = १२ × भाव, भाव १९. गिऱ्हाईक १९ दुकानदाराला आणि ३ सरकारला देतं, एकूण २२. म्हणजे आधीचंच उत्तर! कर कुणाच्या चोपड्यात लिहिला यानं काही ठरत नाही. कुणाला भाव बदलल्यावर चटकन मागे हटता येतं, यावर ठरतं. इथे गिऱ्हाइकाचा अंक ४, विक्रेत्याचा ८. ज्याचा अंक लहान तो अडकलेला, त्यानं दोन तृतीयांश भार उचलला. जमाखर्चात चोपडा विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही म्हणणारी मी इथे मुलांना सांगते, चोपड्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या भाचीनं हे माझ्या लक्षात आणून दिलं. बरोबरच आहे तिचं; पण विचारल्याशिवाय हेही कळलं नसतं.

लवचिकता म्हणजे भाव टक्क्यानं हलला की खप किती टक्के हलतो; तिच्यात गोंधळ होतो तो टक्के कशावर काढले यात. भाव २० चा २२ झाला, खप १२० चा ११२. जुन्या आकड्यांवर काढलंत तर ६.६७ भागिले १०, म्हणजे ०.६७. उलट दिशेनं, २२ वरून २० वर आलात तर ७.१४ भागिले ९.०९, म्हणजे ०.७९. तोच रस्ता, जाताना एक आणि येताना एक. म्हणून मधला आकडा पाया धरतात: ८ भागिले ११६, २ भागिले २१, उत्तर ०.७२. तुमच्या पेपरात कुठली रीत हवी ते सरांना आधीच विचारून ठेवा.

संधी-खर्चाला, म्हणजे एक वाट धरल्यानं हुकलेल्या दुसऱ्या वाटेच्या कमाईला, मात्र वेळ द्या. माझ्या चुलत दिराच्या मुलानं स्वतःच्या घराच्या तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान टाकलं. समजा वर्षाची आवक ६,००,०००, खर्च ४,२०,०००. नफा १,८०,०००, अगदी पेढे वाटण्यासारखा. पण दुकानासाठी त्यानं १५,००० ची नोकरी सोडली: वर्षाचे १,८०,०००. तळमजला भाड्यानं दिला असता तर महिना ८,०००: वर्षाचे ९६,०००. हे दोन्ही खर्च कुठल्याच वहीत नाहीत, कारण पैसे कुणाला दिलेलेच नाहीत. अर्थशास्त्र ते धरतं, तेव्हा नफा उणे ९६,०००. परीक्षेत 'हिशेबी नफा' विचारलाय की 'आर्थिक नफा', हा शब्द अधोरेखित करा. (दुकान अजून चालू आहे. त्याला बॉस नको होता. त्याची किंमत मी या गणितात धरलेली नाही.)

सेफ्टीची गणितं दिसायला सगळ्यात सोपी: गुणायचं, भागायचं. पण चुका सगळ्यात जास्त इथेच पाहिल्यात मी.

फ्रिक्वेन्सी रेट म्हणजे कामाच्या दर दहा लाख तासांमागे किती अपघातांत कामाचा वेळ गेला. आपल्या भारतीय मानकात, आयएस ३७८६ मध्ये, पाया दहा लाख तासांचा आहे. अमेरिकन पुस्तकात दोन लाख: १०० माणसं, आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे. समोरच्या वाड्यातल्या मुलाकडे नोट्स इथल्या आणि इंटरनेटवरून उतरवलेली गणितं तिकडची. एकाच कारखान्याचा दर त्याला एकदा १०.९६ आला आणि एकदा २.१९. तो रात्री दहाला घाबरून वर आला. दोन्ही बरोबर होते. 'आकडा कशात' ही ओळ त्यानं लिहिली नव्हती, इतकंच.

आता हे गणित शांतपणे करा. कारखान्यात २४० कायम कामगार आणि ६० कंत्राटी. दिवसाला ८ तास, वर्षाला ३०० दिवस, गैरहजेरी ५ टक्के. वर्षात ६ अपघात, त्यातले २ कंत्राटी कामगारांचे.

कायम कामगारांचे तास: २४० × ८ × ३०० = ५,७६,०००; पाच टक्के काढले की ५,४७,२००. कंत्राटींचे तसेच १,३६,८००. एकूण ६,८४,०००. गैरहजेरी काढायला विसरू नका. जो घरी होता त्याला कारखान्यात इजा कशी होणार?

सगळे धरून दर: ६ × १०,००,००० ÷ ६,८४,००० = ८.७७. फक्त कायम कामगारांचा: ४ अपघात, ५,४७,२०० तास, ७.३१. दोन्ही उत्तरं खरी, प्रश्न काय विचारतो त्यावर. पण वर ६ आणि खाली ५,४७,२०० घेतलेत तर १०.९६ येईल, आणि वर ४ नि खाली ६,८४,००० घेतलेत तर ५.८५. ही दोन्ही खोटी. वरचा आकडा एका चोपड्यातला, खालचा दुसऱ्या. वर ज्यांचे अपघात मोजले त्यांचेच तास खाली, एवढं पाळा.

सिव्हिरिटी रेटला अपघातांच्या जागी बुडालेले दिवस. ११४ दिवस गेले असतील तर ११४ × १०,००,००० ÷ ६,८४,००० = १६६.७. अपघाताचा दिवस बुडालेल्यांत धरत नाहीत, आणि मृत्यूला ६,००० दिवस धरतात. नवशिकी मुलं मृत्यूला शून्य दिवस लिहितात, कारण तो माणूस रजेवर गेलेला नसतो. आणखी एक: फॅक्टरी अ‍ॅक्ट, १९४८ च्या कलम ८८ प्रमाणे कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर अपघात कळवावा लागे (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली आहे). कळवण्याजोगा अपघात आणि वेळ बुडवणारा अपघात हे दोन वेगळे गठ्ठे आहेत. प्रश्नात कुठला आहे ते बघा.

आवाजाचं गणित झटपट होतं. ९० डेसिबलला ८ तास, ९५ ला ४, १०० ला २, अशी मुभा धरतात. कुणी ९५ मध्ये ३ तास आणि १०० मध्ये १ तास राहिला तर ३/४ + १/२ = १.२५. एकाच्या वर गेलं, म्हणजे जास्त झालं. आणि ९० ची दोन यंत्रं शेजारी लावली तर १८० होत नाहीत, ९३ होतात.

'उपाय सुचवा' या प्रश्नाला मात्र मुलांच्या वह्या मला राग आणतात. ड्रम ओतताना हातावर अ‍ॅसिड उडतं, काय कराल? सगळे लिहितात: हातमोजे, गॉगल. क्रम उलटा आहे. आधी ते अ‍ॅसिड वापरणं टाळता येतं का, मग सौम्य पर्याय आहे का, मग पंप आणि बंद पाइप, मग कामाची पद्धत आणि प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी अंगावरची साधनं. पंप लावला तर खर्च मालकाच्या चोपड्यात पडतो. नुसते मोजे दिले तर तो कामगाराच्या अंगावर पडतो, आणि मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात रबरी मोजे घालून आठ तास उभं राहून बघा.

एका महिन्यात आमच्याकडे एका कंत्राटी पोराचं बोट बेल्टमध्ये गेलं. तास माझ्याकडे तयार होते, त्यात कंत्राटी माणसांचेही होते. वरून निरोप आला, हा अपघात आपल्या पत्रकात नको, तो कंत्राटदाराच्या वहीत जाईल. मी कंत्राटदाराला फोन केला. त्याच्याकडे वहीच नव्हती.

सरावाला तेच गणित देते, आकडे सोपे करून. १५० कायम, ५० कंत्राटी, ८ तास, महिन्याचे २५ दिवस, गैरहजेरी नाही. एका कंत्राटी कामगाराला इजा, १२ दिवस बुडाले. दोन्ही दर काढा. तास ४०,००० आले, फ्रिक्वेन्सी २५ आणि सिव्हिरिटी ३०० आली तर बरोबर. फ्रिक्वेन्सी ३३.३३ आली तर ५० माणसांचे तास खाली घ्यायचे राहिलेत.

समोरच्या मुलानं पहिल्याच फटक्यात बरोबर काढलं. बूट चढवताना त्यानं विचारलं, "काकू, तुमच्या पत्रकात त्या महिन्याला किती गेलं होतं?"

"शून्य," म्हटलं. "सही सेफ्टी ऑफिसरची होती, पण तास माझे होते."